न वटलेला चेक आणि निकालापूर्वींची भरपाई

पैशाच्या व्यवहारांत माणसाच्या शब्दाला जी किंमत असते, तीच कागदाच्या तुकड्याला यावी, ही व्यापारी जगाची फार जुनी खटपट आहे. नाण्यांची थैली बरोबर घेऊन लांबचा प्रवास करणें कष्टाचें, आणि पूर्वीच्या काळीं तर धोक्याचेंहि होतें. म्हणून कागद निघाला. परंतु कागदाबरोबर एक प्रश्नहि निघाला. कागद घेतला, माल दिला, आणि तो कागद पटला नाहीं, तर काय करावयाचें? तंटा मिटेपर्यंत घेणेकऱ्यानें रिकाम्या हातानें बसावें, कीं त्याच्या पदरांत कांहीं तरी आधीं पडावें? भारताच्या संसदेनें २०१८ सालीं या प्रश्नाला एक उत्तर दिलें. तें उत्तर नीट समजावयाचें, तर त्याच्या मागचा दीडशें वर्षांचा इतिहास पाहिला पाहिजे. किंबहुना त्याहिपूर्वींच्या हुंडीच्या काळापर्यंत मागें गेलें पाहिजे.

हुंडी ही आपल्या पेढीवाल्यांची निर्मिति. पाहतांच पैसे द्यावयाचे ती दर्शनी हुंडी, ठराविक दिवसांनंतर द्यावयाचे ती मुदती, आणि बाजारांतील प्रतिष्ठित शहा पुढें करील त्यालाच द्यावयाचे ती शाहजोग. हुंडी गहाळ झाली तर पैठ लिहीत, तीहि हरवली तर परपैठ लिहीत. या सर्व व्यवस्थेंत आजच्या विषयाच्या दृष्टीनें विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट म्हणजे जिकरी चिठ्ठी. ज्या गांवीं हुंडी पटावयाची, त्या गांवांतील ओळखीच्या एखाद्या पेढीच्या नांवें हुंडीबरोबर एक चिठ्ठी देत. ज्याच्यावर हुंडी काढली त्यानें ती नाकारलीच, तर त्या दुसऱ्या पेढीनें पैसे द्यावे आणि पुढचा हिशेब हुंडी लिहिणाऱ्याशीं मागाहून करावा, असा तिचा अर्थ. दोष कोणाचा, याचा निर्णय पुढें होईल. पण परगांवीं आलेल्या माणसाची अडवणूक आज होऊं नये, हा विचार जिकरीच्या मुळाशीं होता.

ही सोय पतवाल्यांची. सामान्य ऋणकोधनकोंचा मार्ग मात्र रोकडा आणि कठोर होता. पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ मध्यें जिंकलेल्या मुलखासंबंधीं जो अहवाल लिहिला, त्यांत तगाद्याच्या प्रकाराची नोंद आहे. घेणेकरी ऋणकोच्या दारांत धरणें धरून बसे. स्वतः उपाशी राही आणि घरच्यांनाहि अन्नाला शिवूं देत नसे. दुसऱ्या बाजूनें ऋणकोचेंहि रक्षण होतें. व्याज कितीहि थकलें तरी एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करूं नये, हा दामदुप्पटीचा नियम शास्त्रानें सांगितला होता, आणि पुढें मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनींहि तो मानला. घेणेकऱ्याला हात द्यावा, पण देणेकऱ्याचा गळा आवळूं नये, ही दुहेरी दृष्टि आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकांहून जुनी आहे.

इंग्रजी अमलांत बँका आल्या आणि त्यांच्याबरोबर चेक आला. मुंबईंत बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्यें स्थापन झाली. व्यापार वाढला, तसा या कागदांसाठीं सर्व देशाला लागू पडेल असा कायदा हवासा वाटूं लागला. १८६६ मध्यें पहिला मसुदा झाला आणि १८६७ मध्यें तो कौन्सिलापुढें आला. परंतु तो इंग्लंडांतील रूढ नियमांपासून फार दूर जातो, असा व्यापारी वर्गाचा आक्षेप निघाला. १८७७ मध्यें तो नव्यानें लिहिला गेला, पुन्हा तपासला गेला, आणि अखेरीस १८८१ मध्यें निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट मंजूर झाला. १ मार्च १८८२ पासून तो अमलांत आला. प्रॉमिसरी नोट, हुंडीसारखें बिल आणि चेक, हे त्याचे तीन विषय. देशी भाषांत लिहिलेल्या कागदांविषयींचा स्थानिक रिवाज मात्र या कायद्यानें पहिल्याच कलमांत अबाधित ठेवला, आणि त्यामुळें हुंडीची वहिवाट लगेच मोडली नाहीं.

या मूळ कायद्यांत न वटलेल्या चेकबद्दल तुरुंग नव्हता. चेक परत आला, तर भरपाईचा हिशेब कसा करावा हें त्यांत सांगितलें होतें. पण ती मिळविण्यासाठीं दिवाणी दावा लावावा लागे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत अशा कागदांवरील दाव्यांसाठीं संक्षिप्त रीत घालून दिली होती खरी. तथापि दावा तो दावाच. फौजदारीकडे जावयाचें, तर फसवणुकीचा आरोप करावा लागे, आणि व्यवहाराच्या आरंभींच आरोपीच्या मनांत कपट होतें हें सिद्ध करावें लागे. चेक लिहितांना पैसे येतील असें वाटलें होतें, ते आले नाहींत, एवढें म्हणून आरोपी सुटूं शके. यामुळें चेक हा पैशासारखा दिसणारा, पण पैशाची खात्री न देणारा कागद होऊन बसला. ओळखीच्या वर्तुळाबाहेर दुकानदार चेक घेईना, आणि रोख रकमेचा आग्रह सुटेना.

हें बदलण्यासाठीं संसदेनें १९८८ मध्यें दुरुस्ति केली, आणि ती १ एप्रिल १९८९ पासून लागू झाली. या दुरुस्तीची एक गंमत अशी कीं मूळ कायद्याचें सतरावें प्रकरण नोटरींविषयीं होतें. १९५२ मध्यें नोटरींचा स्वतंत्र कायदा झाला आणि त्या प्रकरणाची जागा रिकामी पडली. त्या रिकाम्या जागेंत न वटलेल्या चेकचा गुन्हा येऊन बसला, आणि १३८ हा कलमाचा आंकडा व्यापारी घराघरांत माहीत झाला. खात्यांत पुरेशी रक्कम नसल्यामुळें चेक परत आला. तो कायदेशीर देणें फेडण्यासाठीं दिलेला होता. घेणाऱ्यानें लेखी नोटीस दिली. आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले गेले नाहींत. तर तो गुन्हा. चेक देणें फेडण्यासाठींच दिला होता असें कलम १३९ प्रमाणें न्यायालयानें गृहीत धरावयाचें, आणि तें खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर. कपट सिद्ध करण्याची जुनी अडचण अशा रीतीनें दूर झाली. शिक्षा प्रथम एक वर्षापर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी होती.

गुन्हा नवा, पण स्वभाव जुना. फिर्यादीला आरोपीचा तुरुंग नको असतो, आपले पैसे हवे असतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानें २०२१ मध्यें एका निकालांत या कारवाईचें वर्णन करतांना, हें लांडग्याचें कातडें पांघरलेलें मेंढरूं आहे, अशा अर्थाचे शब्द वापरले. वरून फौजदारी, आंतून दिवाणी, असें हें प्रकरण.

तुरुंगाच्या भयानें लोक चेक जपून लिहितील, अशी १९८९ मध्यें अपेक्षा होती. ती कांहीं अंशीं खरी ठरलीहि असेल. परंतु खटल्यांचा पूर लोटला. म्हणून २००२ मध्यें पुन्हा दुरुस्ति झाली आणि ती ६ फेब्रुवारी २००३ पासून लागू झाली. कैदेची मर्यादा दोन वर्षें झाली. नोटीस देण्याची मुदत पंधरा दिवसांवरून तीस दिवसांवर गेली. पुरावा शपथपत्रावर घेतां येऊं लागला, समन्स स्पीड पोस्टानें पाठवितां येऊं लागलें, तडजोडीची मोकळीक मिळाली, आणि शक्यतों सहा महिन्यांत खटला संपवावा असा हेतु कलम १४३ मध्यें लिहिला गेला.

हेतु कागदावर राहिला. ३१ डिसेंबर २०१९ रोजीं देशांत २.३१ कोटि फौजदारी खटले प्रलंबित होते, आणि त्यांपैकीं ३५.१६ लाख केवळ कलम १३८ चे होते, असे आंकडे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें १६ एप्रिल २०२१ च्या निकालांत नोंदविले आहेत. म्हणजे दर शंभर फौजदारी खटल्यांत जवळ जवळ पंधरा खटले परत आलेल्या चेकचे.

या आंकड्यांच्या मागें माणसें असतात. एखाद्या लहान कारखानदारानें पांच लाखांचा माल दिला आणि पांच लाखांचा चेक घेतला, असें समजूं. चेक परत आला. कच्च्या मालाचे पैसे त्यानें आधींच दिलेले, कामगारांचे पगार तोंडावर आलेले, आणि बँकेच्या कर्जाचें व्याज तर रोज चढत असतें. इकडे आरोपी समन्स चुकवितो, तारीख मागून घेतो, वकील बदलतो. पांच वर्षांनीं निकाल लागलाच, तर अपील होतें आणि शिक्षा स्थगित होते. या सर्व काळांत दुसऱ्याचे पैसे वापरण्याचा लाभ देणेकऱ्याला, आणि व्याजाचा भार घेणेकऱ्याला. विलंब हाच येथें नफ्याचा धंदा होतो. प्रामाणिक माणसानें प्रामाणिकपणाचा दंड भरावा, अशी ही उलटी व्यवस्था.

हें दुखणें ओळखून केंद्र सरकारनें २ जानेवारी २०१८ रोजीं लोकसभेंत विधेयक मांडलें. जुलै महिन्यांत दोन्ही सभागृहांनीं तें मंजूर केलें, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून दोन नवीं कलमें लागू झालीं. पहिलें १४३-अ, दुसरें १४८.

कलम १४३-अ प्रमाणें, आरोपीनें गुन्हा नाकबूल केला कीं, किंवा इतर प्रकारच्या खटल्यांत आरोपपत्र निश्चित झालें कीं, न्यायालय त्याला फिर्यादीस अंतरिम भरपाई देण्याचा हुकूम करूं शकतें. ही भरपाई चेकच्या रकमेच्या शेंकडा वीसहून अधिक असूं शकत नाहीं. ती साठ दिवसांत द्यावयाची. सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस मिळतात. न दिल्यास ती दंडाप्रमाणें वसूल करावयाची, म्हणजे जंगम मालाची जप्ति करून, अथवा जिल्हाधिकाऱ्यामार्फत सारा-थकबाकीच्या रीतीनें. अखेरीस आरोपी दोषी ठरला, तर आधीं दिलेली रक्कम दंडांतून किंवा अंतिम भरपाईंतून वजा होते. निर्दोष सुटला, तर फिर्यादीनें ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या बँक दरानें व्याजासह परत करावयाची, आणि तीहि त्याच साठ व तीस दिवसांच्या मुदतींत. वरच्या उदाहरणांतील कारखानदाराला याप्रमाणें जास्तींत जास्त एक लाख रुपये खटला चालूं असतांनाच मिळूं शकतात. पांच लाखांची भूक एक लाखानें भागत नाहीं. पण घाव सोसण्याचें बळ येतें.

कलम १४८ हें त्याचें जोड कलम. खालच्या न्यायालयानें शिक्षा दिली आणि आरोपी अपिलांत गेला, तर अपील न्यायालय त्याला दंडाच्या किंवा भरपाईच्या रकमेपैकीं किमान शेंकडा वीस भाग जमा करावयास सांगूं शकतें. तो भाग अंतरिम भरपाईहून वेगळा, आणि अपील चालूं असतांनाहि फिर्यादीला देतां येतो.

दोन कलमें एकाच दिवशीं जन्मलीं, परंतु त्यांत एक मोठें अंतर आहे, आणि न्यायालयांनीं पुढें जो विचार केला तो या अंतरावरच उभा आहे. कलम १४८ लागू होतें तेव्हां आरोपी दोषी ठरलेला असतो. कलम १४३-अ लागू होतें तेव्हां त्याच्यावर केवळ आरोप असतो. एकाहि साक्षीदाराची उलटतपासणी झालेली नसते. दोष ठरण्यापूर्वीं माणसाच्या खिशांतून पैसे काढावयाचे, ही फौजदारी न्यायाच्या रूढ कल्पनेला धक्का देणारी गोष्ट आहे. आणि प्रत्येक आरोपी लबाडच असतो असें नाहीं. कर्ज घेतांना तारण म्हणून सही केलेले कोरे चेक देण्याची वहिवाट सर्वत्र आहे. कर्ज फिटल्यावरहि असा चेक सावकाराच्या हातीं राहतो, आणि त्यावर मनास येईल ती रक्कम भरली जाते. अशा माणसालाहि शेंकडा वीस आधीं भर आणि मग बोल, असें म्हणणें हा अन्यायच.

पहिला प्रश्न काळाचा निघाला. ज्यांचे गुन्हे १ सप्टेंबर २०१८ पूर्वीं घडले, त्यांच्याकडून अंतरिम भरपाई मागतां येईल काय? ३० जुलै २०१९ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं नाहीं. हें कलम आरोपीवर पूर्वीं नसलेलें नवें ओझें लादतें, म्हणून तें पुढच्या गुन्ह्यांनाच लागू. त्याच वर्षीं मे महिन्यांत कलम १४८ बाबत मात्र उलट निर्णय झाला होता. जुन्या फिर्यादींतून उद्भवलेल्या अपिलांनाहि तें लागू धरलें गेलें, कारण तेथें दोष ठरून गेलेला असतो.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक. हुकूम होऊनहि आरोपीनें पैसे भरले नाहींत, तर? कर्नाटकांतील एका खटल्यांत अशा आरोपीला फिर्यादीची उलटतपासणी घेऊं दिली गेली नाहीं, आणि त्याला शिक्षाहि झाली. २ ऑगस्ट २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द ठरविली. पैसे वसूल करावयाचा मार्ग कायद्यानें सांगितला आहे, तो अनुसरावा. परंतु बचावाचा अधिकार हिरावून घेण्याची शिक्षा कायद्यानें कोठेंहि सांगितलेली नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें. थकलेल्या रकमेबद्दल माल जप्त होऊं शकतो, तोंड जप्त होऊं शकत नाहीं.

तिसरा प्रश्न मुळालाच हात घालणारा. कायद्यांत ‘देऊं शकेल’ असें म्हटलें आहे. त्याचा अर्थ ‘दिलाच पाहिजे’ असा करावयाचा काय? कांहीं उच्च न्यायालयांनीं तसा केलाहि होता. झारखंडांतून आलेल्या एका प्रकरणांत दंडाधिकाऱ्यानें दहा लाख रुपयांचा हुकूम यांत्रिक रीतीनें केला होता. १५ मार्च २०२४ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द करून सांगितलें कीं हा अधिकार न्यायालयाच्या विवेकाचा आहे, सक्तीचा नव्हे. फिर्यादीच्या म्हणण्यांत प्रथमदर्शनीं तथ्य आहे काय हें पाहावें. आरोपीचा बचाव सकृद्दर्शनीं पटण्याजोगा असेल, तर भरपाई नाकारावी. आरोपीची आर्थिक स्थिति विचारांत घ्यावी. चेक देणें फेडण्यासाठींच दिला असें जें कलम १३९ नें गृहीत धरावयाचें, तेवढ्यावरच हुकूम करूं नये. किती रक्कम द्यावी हें ठरवितांना व्यवहाराचें स्वरूप आणि उभयतांचें नातें लक्षांत घ्यावें, आणि विचार केल्याचें हुकुमांत थोडक्यांत दिसलें पाहिजे. वीस टक्के हें छत आहे, जोतें नव्हे, हें या निकालानें स्पष्ट झालें.

यावरून असें समजूं नये कीं न्यायालयानें फिर्यादीकडे पाठ फिरविली. विलंबाचें दुखणें तें विसरलें नाहीं. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति आर. सी. चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालीं २०२१ मध्यें या खटल्यांच्या जलद निकालासाठीं समिति नेमली गेली. २०२२ मध्यें महाराष्ट्र, दिल्ली, गुजरात, उत्तर प्रदेश आणि राजस्थान या पांच राज्यांत प्रायोगिक विशेष न्यायालयें स्थापण्याचा आदेश झाला. त्यानंतर गोव्यांतील एका खटल्याच्या अपिलांत, २५ सप्टेंबर २०२५ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें देशभरच्या दंडाधिकाऱ्यांसाठीं मार्गदर्शक सूचना दिल्या. समन्स फिर्यादीमार्फतहि बजावावें, आरोपीला आरंभींच ऑनलाइन पैसे भरण्याची सोय असावी, आणि जेथें योग्य वाटेल तेथें कलम १४३-अ चा अधिकार शक्य तितक्या लवकर वापरावा, असें त्यांत म्हटलें आहे. बचावाचा पुरावा सुरू होण्यापूर्वीं चेकची रक्कम देणाऱ्याला तडजोडीचा वेगळा आकार नाहीं. नंतर देणाऱ्याला शेंकडा पांच, सत्र किंवा उच्च न्यायालयांत साडेसात, आणि सर्वोच्च न्यायालयांत दहा. लवकर देईल त्याला सवलत, अडवील त्याला भुर्दंड, असें हें गणित आहे.

एकंदरींत या इतिहासाचा ओघ एका दिशेनें वाहत आलेला दिसतो. जिकरी चिठ्ठीनें जें काम पेढीच्या पतीवर केलें, तें आज न्यायालयाच्या हुकुमानें करावें लागतें. दोघांचा उद्देश एकच: तंटा चालूं असतांना उभें राहण्यापुरता आधार. फरक इतकाच कीं जिकरीचे पैसे तिसरा पतवान देई आणि तो स्वखुशीनें देई. अंतरिम भरपाई मात्र ज्याचा दोष ठरावयाचा आहे त्याच्याच खिशांतून येते. म्हणूनच तिला वीस टक्क्यांचें कुंपण आहे, व्याजासह परतीची अट आहे, आणि विवेकाचा लगाम आहे.

तरीहि ही भरपाई म्हणजे उपचार, आरोग्य नव्हे. खटला कायद्याच्या हेतूप्रमाणें सहा महिन्यांत संपला असता, तर निकालापूर्वीं कांहीं देण्याची गरज क्वचितच पडली असती. दंडाधिकाऱ्यासमोर दोन माणसें उभीं असतात. एकाच्या हातांत बँकेनें परत पाठविलेला चेक असतो, दुसऱ्याच्या ओठांवर अजून न ऐकलेला बचाव असतो. पहिल्याला ताटकळत ठेवूं नये आणि दुसऱ्याला ऐकल्याशिवाय दोषी मानूं नये, या दोन कर्तव्यांत न्यायाधीशानें तोल राखावयाचा आहे. तो तोल किती काळजीनें राखला जातो, यावरच चेकच्या कागदाची किंमत पुढेंहि ठरेल.